बरे करणे धोक्याचे: लहान मुलांच्या इसबाचा इतिहास

धागा.

१७५७ साली अविन्यों या, तेव्हा पोपच्या अखत्यारीत असलेल्या शहरात डोमिनिक रेमों नावाच्या वैद्याचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ असा: 'जे बरे करणे धोक्याचे आहे अशा रोगांविषयी'. आज हे नाव विनोदी वाटते. त्या काळी ती अत्यंत गंभीर आणि बहुमान्य वैद्यकीय भूमिका होती. बरे करू नयेत अशा रोगांत अंगावर उठणाऱ्या पुरळांना मोठे स्थान होते, आणि त्यातही तान्ह्या मुलांच्या गालांवर व टाळूवर येणाऱ्या ओलसर, खाजऱ्या खपल्यांना.

याचा व्यवहारातील अर्थ असा की सहा महिन्यांचे मूल रात्रभर गाल उशीवर घासत आहे, खपल्या फुटून लस वाहत आहे, आई जागी आहे, आणि बोलावलेला विद्वान वैद्य सांगतो आहे की याला हात लावू नका. हा सल्ला युरोपात काही शतके टिकला. तो का टिकला आणि कोणी मोडला, हे पाहण्यासारखे आहे. मोडल्यावरही तो वेष बदलून परत कसा आला, हे तर अधिकच.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत ज्याला इसब म्हणतात त्याला इंग्रजीने ग्रीकमधून 'एक्झिमा' हा शब्द घेतला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ उकळून बाहेर येणे, उतू जाणे. सहाव्या शतकातील अमिदा येथील वैद्य एटियस याच्या लेखनात हा शब्द येतो. लहान मुलांच्या खपल्यांसाठी युरोपात दुसरेच नाव रूढ होते: लॅटिनमध्ये 'क्रुस्ता लाक्तेआ', जर्मनमध्ये 'मिल्खशोर्फ', दोन्हींचा अर्थ दुधाची खपली. भांड्याच्या तळाशी करपलेल्या दुधासारखी ती दिसते म्हणून हे नाव, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरे स्पष्टीकरण अधिक बोचरे आहे: ही खपली दुधामुळे येते, म्हणजे दूध पाजणारीमुळे.

ग्रीक परंपरेतील वैद्यकात शरीर चार द्रवांनी भरलेले होते आणि रोग म्हणजे त्यांचा तोल ढळणे. गर्भ आईच्या रक्तावर पोसला जातो, त्यातील अशुद्ध भाग जन्मानंतर बाहेर पडावा लागतो, आणि त्वचा हे त्याचे एक दार, अशी ही मांडणी होती. १५७२ साली व्हेनिसमध्ये जिरोलामो मेर्कुरियाले याचा त्वचारोगांवरील ग्रंथ छापला गेला. छापील स्वरूपातील या विषयाचा तो पहिला स्वतंत्र ग्रंथ मानला जातो. याच मेर्कुरियालेने पुढे बालरोगांवरही लिहिले. त्वचा आणि बालक हे दोन विषय एकाच माणसाच्या हाती येणे स्वाभाविक होते, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: आतले काय बाहेर पडत आहे?

भारतीय वैद्यकही या प्रश्नापासून दूर नव्हते. चरकसंहितेत अठरा कुष्ठे सांगितली आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. क्षुद्रकुष्ठांतील 'विचर्चिका' खाजरी, पुष्कळ स्रवणारी आणि श्याव, म्हणजे काळपट वर्णाची सांगितली आहे. विचर्चिका म्हणजे आजचे इसबच असे समीकरण इतिहासाच्या विद्यार्थ्याने घाईने मांडू नये. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. युरोपीय ग्रंथ या रोगाची खूण म्हणून लाली सांगत राहिले. सावळ्या त्वचेवर ती लाली दिसत नाही. तिथे चट्टा काळपट किंवा जांभळट दिसतो. चरकाच्या परंपरेतील निरीक्षकासमोर सावळी माणसे होती. बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत 'चर्मदल' नावाचा त्वचारोग येतो. तो मुख्यतः अंगावर पिणाऱ्या मुलांना होतो असे ती संहिता सांगते, आणि कारणांमध्ये आईच्या दूषित दुधाचा समावेश करते. म्हणजे दुधावरचा आरोप दोन्ही परंपरांत आहे.

या आरोपाचे परिणाम ठरलेले होते. मुलाच्या गालावर पुरळ उठले की दूध पाजणारीचा आहार बदला, तिला रेचक द्या, ती पगारी दूधआई असेल तर तिला काढून दुसरी आणा. मुलाच्या त्वचेला मात्र फारसे काही लावायचे नाही. फार तर सौम्य वनस्पती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्ट्राक या जर्मन वैद्याने तिरंगी पॅन्सीचे फुलझाड दुधात उकळून पाजण्याचा मोठा पुरस्कार केला. उपाय लागू पडू लागला की मुलाच्या लघवीला मांजराच्या मुतासारखा वास येतो, अशी त्याची खूण होती. आतले विष बाहेर पडत असल्याचा हा नाकाला कळणारा पुरावा!

ही सगळी मंडळी मूर्ख होती असे समजणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. त्यांच्याकडे दोन भक्कम निरीक्षणे होती.

पहिले असे की तान्हेपणी इसब असलेले मूल दोन-तीन वर्षांचे झाले की त्वचा पुष्कळदा आपोआप निवळते, आणि त्यातील काही मुलांना पुढे दमा लागतो. पुरळ गेले आणि धाप आली. एखाद्या कुटुंबात, एखाद्या वैद्याच्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात हे वारंवार दिसले तर कोणता निष्कर्ष निघेल? रोग आत वळला, हाच. इसब, अन्नाची ॲलर्जी, दमा, शिंका यांचा असा क्रम आजचे वैद्यकही मानते. त्याला 'ॲटोपिक मार्च' म्हणजे ॲटोपीची वाटचाल असे नाव आहे. जुन्यांनी पाहिले ते खरे होते. एकामागून दुसरे आले म्हणून पहिले दाबल्यानेच दुसरे आले, हे अनुमान चुकले होते.

दुसरे निरीक्षण अधिक भीतिदायक होते. तीव्र इसबाचे तान्हे मूल रुग्णालयात दाखल केले, खपल्या काढल्या, मलम लावले, आणि एकाएकी ताप चढून ते दगावले. जर्मन बालरोगतज्ज्ञांनी अशा मृत्यूला 'एक्झेमटोड', इसबाचा मृत्यू, असे नावच दिले होते. एकोणिसावे शतक उलटून गेल्यावरही अशा मुलांना रुग्णालयात घेऊ नये असे मानणारे डॉक्टर होते. पुढील पिढ्यांनी त्यातील अनेक मृत्यूंमागे संसर्ग पाहिला: उघड्या त्वचेचे मूल अनेक आजारी मुलांच्या दालनात ठेवले की जंतूंना दार मोकळेच. पण जंतू ठाऊक नसताना मलम हाच गुन्हेगार दिसणार.

महाराष्ट्रातल्या घरांतही ही समजूत परकी नाही. गोवर पूर्ण बाहेर यावा, तो आत जिरू नये, ही काळजी कैक पिढ्यांनी वाहिली. मुलाच्या अंगावर काही उठले की 'उष्णता बाहेर पडते आहे' हे वाक्य आजही ऐकू येते. १८२८ साली झामुएल हानेमान याने जुनाट रोगांवरील आपल्या ग्रंथात 'सोरा'ची कल्पना मांडली: खाजेचा विकार बाहेरून दाबला की तो आत जाऊन असंख्य जुनाट रोगांच्या रूपाने उगवतो. होमिओपॅथी भारतात रुजली तेव्हा ही कल्पनाही तिच्याबरोबर आली, आणि इथे तिला ओळखीची माती मिळाली. 'मलमाने आजार दबतो, बरा होत नाही' या वाक्यामागे असा दुहेरी इतिहास आहे.

त्वचारोगांना शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न लंडनमध्ये झाला. गरिबांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या रॉबर्ट विलनने १७९८ पासून आपला ग्रंथ भागांनी प्रसिद्ध केला. त्याने पुरळ कशामुळे येते हा वाद बाजूला ठेवून ते दिसते कसे याप्रमाणे वर्गवारी केली: पापुद्रा, फोड, पुटकुळी, गाठ. ही शिस्त अमूल्य ठरली. गंमत अशी की या वर्गवारीत 'एक्झिमा' हे नाव मुख्यतः बाहेरच्या दाहाने, उन्हाने वगैरे येणाऱ्या बारीक फोडांना मिळाले, आणि तान्ह्या मुलांच्या तोंडावरील खपल्या वेगळ्याच खात्यात गेल्या, 'पोरायगो लार्व्हालिस' या नावाने. 'लार्व्हालिस' म्हणजे मुखवट्यासारखा. चेहऱ्यावर खपल्यांचा मुखवटा चढलेले मूल ज्याने पाहिले आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

निर्णायक घटना मात्र व्हिएन्नात घडली, आणि तीही इसबावर नव्हे, खरजेवर.

१८४१ साली फर्डिनांड हेब्रा हा २५ वर्षांचा तरुण डॉक्टर तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात योझेफ श्कोडा याच्या हाताखाली आला. श्कोडाचे खाते छातीच्या रोगांचे. त्वचेचे रुग्ण त्याच खात्याला, काहीसे अडगळीसारखे, जोडलेले होते. कोणाला नको असलेले हे रुग्ण हेब्राच्या वाट्याला आले. त्यातले बहुसंख्य खरजेचे होते.

खरजेचा किडा तेव्हा अज्ञात नव्हता. १६८७ साली बोनोमो आणि चेस्तोनी या इटालियनांनी त्याचे वर्णन केले होते. १८३४ साली रेनुची नावाच्या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात तो सुईने काढून दाखवला. त्याच्या बेटावरच्या बायका तो तसाच टोकदार सुईने काढीत. (विद्यापीठांना जे दिसत नव्हते ते गावच्या बायकांना दिसत होते, हा वैद्यकाच्या इतिहासातील जुनाच प्रकार.) तरीही बहुतेक पंडित म्हणत: किडा असेल, पण तो खरजेचा परिणाम आहे, कारण बिघडलेल्या रक्तातच.

हेब्राने निरोगी त्वचेवर किडे सोडून खरूज उत्पन्न केली. मग बाहेरून मलम लावून ती बरी केली. रुग्णांमागून रुग्ण असे बरे होत गेले आणि त्यांच्यात 'आत वळलेल्या' रोगाची चिन्हे दिसली नाहीत. १८४४ साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खरूज रक्तातून येत नसेल आणि ती बाहेरून बरी करण्यात धोका नसेल, तर बाकीच्या त्वचारोगांबाबत ते गृहीत का धरायचे? पुढे त्याने जमालगोट्याचे दाहक तेल निरोगी त्वचेवर चोळून इसबाच्या एकामागून एक अवस्था हुकमी उत्पन्न करून दाखवल्या: लाली, फोड, स्राव, खपली, पापुद्रे. वेगवेगळ्या नावांनी मिरवणाऱ्या या गोष्टी एकाच रोगाच्या पायऱ्या आहेत हेही त्यातून दिसले. खरजेच्या रुग्णाने नुसते खाजवून खाजवून स्वतःच्या अंगावर इसब आणलेले तर तो रोजच पाहत होता.

हा तोच हेब्रा, ज्याने १८४७ च्या अखेरीस आपला सहकारी सेमेलवाइस याचा हात धुण्याचा शोध प्रथम छापून जगापुढे मांडला. त्या रुग्णालयात तेव्हा जुन्या वैद्यकाचे बरेच काही एकाच वेळी कोसळत होते.

मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? उपचार करण्याची परवानगी मिळाली, असेच म्हणावे लागेल. व्हिएन्ना पद्धतीचा क्रम साधा आणि कष्टाचा होता. खपल्यांवर कॉड माशाचे तेल थापून त्या मऊ होऊ द्यायच्या. मऊ साबणाने धुऊन काढायच्या. मग शिशाचा ऑक्साइड ऑलिव्ह तेलात शिजवून केलेले डायाकिलॉन मलम तागाच्या कापडावर जाड पसरून ते त्वचेला घट्ट बांधायचे. चेहऱ्यासाठी त्याच कापडाचा मुखवटा, डोळे-नाक-तोंडाला भोके ठेवून. बांधलेले मलम ठरल्या वेळी बदलायचे. म्हणजे हा उपचार औषधाइतकाच त्या मलमपट्टीच्या शुश्रूषेवर उभा होता, आणि ती करणार आई किंवा परिचारिका. मलमात शिसे होते, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्वचेला झाकून, स्निग्ध ठेवून, नखांपासून वाचवणे हे त्यातले खरे काम होते, आणि ते शिशाशिवायही होऊ शकत होते.

ते पुढील पिढीने केले. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेझब्रो याने व्हॅसलिनचे पेटंट घेतले. १८८० च्या दशकात बर्लिनच्या लीब्राइशने मेंढीच्या लोकरीतील मेणापासून लॅनोलिन आणले. हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सन उन्ना याने जस्ताच्या लेपांवर आयुष्य वेचले. त्याच्याच वर्तुळातून, लोकरीच्या मेणातील अर्क वापरून पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवणारा पाया तयार झाला, आणि १९११ साली त्यातून 'निव्हिया' बाजारात आली. आज न्हाणीघरातील फळीवर सहज पडलेली ती निळी डबी त्वचारोगतज्ज्ञांच्या या झटापटीतून आलेली आहे, हे क्वचितच कोणाला माहीत असते.

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील एर्नेस्ट बेनिए याने १८९२ साली या रोगाचे जे वर्णन केले त्यात त्याने पुरळाला नव्हे, खाजेला पहिले स्थान दिले. काही कुटुंबांत ही खाज, दमा आणि गवतताप एकत्र नांदतात हेही त्याने मांडले. आधी खाज, मग खाजवणे, मग पुरळ: हा क्रम मान्य झाला की उपचाराचे केंद्र नखांकडे सरकते. त्या काळच्या बालरोग ग्रंथांत त्याचा फारच शब्दशः अर्थ घेतलेला दिसतो. कोपर वाकू नये म्हणून पुठ्ठ्याच्या नळ्या, हातांना पिशव्या, आणि वेळ पडली तर हात पाळण्याच्या कठड्याला बांधणे. करुणा आणि क्रौर्य यांतील सीमा या पानांवर फार पुसट आहे. औषध नसताना रक्त निघेपर्यंत खाजवणाऱ्या मुलाचे करायचे काय, हा प्रश्न त्या डॉक्टरांपुढे खरोखरच होता.

या मुलांवर आणखी एक संकट होते, आणि ते विज्ञानाच्या एका मोठ्या विजयातून आले होते. देवीची लस जिवंत विषाणूची असे. निरोगी मुलाच्या दंडावर तिचा एक फोड उठून वाळून जाई. इसबाच्या मुलाच्या अंगभर मात्र तो पसरू शके. आणि त्यासाठी त्याला लस टोचलेली असण्याचीही गरज नव्हती, घरातल्या भावंडाला टोचलेली पुरे. हेब्राचा जावई मोरित्झ कापोसी याने १८८७ साली इसबाच्या मुलांत एकाएकी उठणाऱ्या, देवीसारख्या दिसणाऱ्या फोडांचे वर्णन केले. नागिणीच्या नात्यातील हर्पिसचा विषाणूही तसेच करतो हे पुढे कळले. विसाव्या शतकाच्या मध्यावर डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्पे यांनी लस घेतलेल्यांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वापरून अशा मुलांवर उपचार केले. त्याच प्रतिद्रव्यांची देवीच्या रुग्णांच्या घरातील माणसांवरची परीक्षा त्यांनी मद्रासमध्ये, तेथील डॉ. ए. रामचंद्र राव यांच्यासह केली. जिथे देवी उरलेली नाही तिथे मुलांना सरसकट लस टोचणे थांबवावे, अशी मागणी केम्पे यांनी १९६५ मध्ये केली. त्यामागे ही इसबाची मुले होती. २००७ साली अमेरिकेत, सैनिक असलेल्या वडिलांनी घेतलेल्या लशीतून २८ महिन्यांच्या मुलाला हा आजार झाला. तो वाचला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हेब्राची बाजू, म्हणजे रोग त्वचेचाच आहे ही बाजू, मागे पडली. रोग पुन्हा 'आत' गेला, पण या वेळी प्रयोगशाळेच्या भाषेत. १९०५ साली आडालबर्ट चेर्नी यांनी काही मुलांच्या प्रकृतीतच पाझरण्याचा दोष असतो आणि दुधाने, विशेषतः अति पाजण्याने, तो बळावतो असे मांडले. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिरके यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. १९१२ साली न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी एका मुलाची त्वचा ओरखडून अंडे, बदाम आणि ओट त्याला सोसत नाहीत हे दाखवले. १९२३ साली कोका आणि कूक यांना अशा विकारांसाठी एक नाव हवे होते. ते कोलंबिया विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक एडवर्ड पेरी यांच्याकडे गेले आणि त्यांनी 'ॲटोपी' हा शब्द दिला. अर्थ: जागेवर नसलेले, विचित्र. १९३३ साली वाइज आणि सुल्झबर्गर यांनी 'ॲटोपिक डर्मटायटिस' हे नाव रूढ केले, आणि तेच आजही चालते.

अन्नाचा संशय पूर्ण खोटा नव्हता, म्हणूनच तो घातक ठरला. काही मुलांना अंडे किंवा दूध खरोखरच बाधते. पण संशयावरून एकामागून एक पदार्थ ताटातून काढत जाण्याची पद्धत पडली. २००१ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी अशा एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली: इसब, दूध सोसत नसल्याचा समज, म्हणून दुधाऐवजी तांदळाचे पेय, आणि वयाच्या २२ व्या महिन्यात प्रथिनांच्या अभावाने होणारा क्वाशिओरकोर. सुबत्तेच्या देशात, प्रेमळ घरात.

सर्वांत कटू प्रकरण मात्र मनोविश्लेषणाचे आहे. शिकागोच्या फ्रांझ अलेक्झांडर यांनी मानसिक संघर्षातून येणाऱ्या सात शारीरिक रोगांत त्वचेच्या या रोगालाही बसवले. १९५१ साली रेने स्पिट्झ यांनी, स्त्री-कैद्यांच्या एका संस्थेतील पाळणाघरात पाहिलेल्या बाळांच्या आधारे लिहिले की तान्ह्या मुलाच्या इसबामागे आईचा, काळजीच्या पांघरुणाखाली दडलेला वैरभाव असतो. अशा आया मुलाला स्पर्श करायला कचरतात. रात्र-रात्र न झोपलेली, लस वाहणाऱ्या गालाला हात लावायला घाबरणारी आई काळजीत असणारच. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे का, हा प्रश्न तिथे पुरेसा विचारला गेला नाही. तुरुंगातल्या बायका तो विचारण्याच्या स्थितीत नव्हत्या. सोळाव्या शतकात आईचे दूध दोषी होते, विसाव्यात आईचे मन.

त्याच सुमारास उपचाराच्या बाजूने इतिहासाने उडी घेतली. कॉर्टिझोनच्या शोधाला १९५० चे नोबेल मिळाले, आणि १९५२ साली सुल्झबर्गर व व्हिक्टर विटेन यांनी त्याच्या जवळचे हायड्रोकॉर्टिझोन मलमातून लावल्यास इसब निवळते हे दाखवले. पुठ्ठ्याच्या नळ्या आणि कापडी मुखवटे हळूहळू गेले. १९६० च्या दशकात बीटामेथासोनसारखी कितीतरी तीव्र मलमे आली. ती चेहऱ्यावर, महिनोन्महिने, मोजमाप न ठेवता लावली गेली, तेव्हा त्वचा पातळ पडणे, शिरा दिसणे, व्रण उठणे हे परिणामही दिसले. भारतात ही मलमे, पुष्कळदा बुरशीनाशक आणि प्रतिजैविकांच्या मिश्रणात, चिठ्ठीशिवाय गोरे होण्यासाठी आणि गजकर्णावर सर्रास विकली गेली. त्वचारोगतज्ज्ञांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने यातील अनेक मलमे 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीनेच मिळणाऱ्या औषधांत आणली.

गैरवापर खरा होता, आणि त्याच्या आधाराने रेमोंची भीती नव्या रूपात परतली. ज्याला मलमाची खरी गरज आहे त्या मुलाला ते दिले जात नाही, किंवा दोन दिवस लावून बंद केले जाते. १९९१ साली कार्डिफच्या लाँग आणि फिन्ली या डॉक्टरांनी या भीतीला एक माप दिले: प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत नळीतून पिळलेली मलमाची रेघ, सुमारे अर्धा ग्रॅम, प्रौढाच्या दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. किती लावायचे ते आईला बोटावर दाखवता येऊ लागले.

हेब्राची बाजू परत आली ती २००६ साली. डंडीचे अर्विन मॅक्लीन, डब्लिनचे ॲलन अर्व्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड इसबाचा धोका मोठ्या प्रमाणात वाढवतो. फिलॅग्रिन त्वचेच्या वरच्या थरातील तंतूंना बांधते आणि ओलावा धरून ठेवायला मदत करते. ते कमी पडले की भिंतीचा गिलावाच सच्छिद्र. युरोपात दहातल्या जवळपास एकाकडे असा एखादा बदल असतो. आशियात आढळणारे बदल वेगळे आहेत. बिघाड असलेल्या सर्वांना इसब होत नाही आणि इसब असलेल्या सर्वांत हा बिघाड नसतो. तरी तो रक्तात, दुधात किंवा आईच्या मनात नव्हे, मुलाच्या त्वचेत दाखवता आला.

अन्नाचा बाणही उलटा फिरला. २००३ साली ब्रिटनमधील गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांना आढळले की तान्हेपणी ज्यांच्या खरखरीत त्वचेला शेंगदाणा तेलयुक्त मलमे लावली गेली त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक होती. शेंगदाणा फुटलेल्या त्वचेतून आत गेला की शरीर त्याला शत्रू समजते, असा अर्थ पुढे आला. २०१५ साली लॅक यांच्याच गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बालकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ खाऊ घातले त्यांच्यात ती ॲलर्जी फारच कमी झाली. जे टाळायला सांगितले गेले ते वेळेवर खाऊ घालणे हा बचाव ठरला.

मग भिंत सच्छिद्र असेल तर जन्मापासूनच ती लिंपून काढली तर? हा तर्क इतका सुंदर होता की अनेकांनी तो खरा धरून चालण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बालकांना दोन गटांत विभागून तो तपासला गेला. एका गटाला वर्षभर रोज स्निग्ध मलम लावले, दुसऱ्याला नाही. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या वयाला दोन्ही गटांतील इसबाचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते, आणि मलम लावलेल्या मुलांत त्वचेचे संसर्ग किंचित अधिक. झालेल्या इसबात त्वचा स्निग्ध ठेवणे हा आजही उपचाराचा पाया आहे. न झालेले इसब त्याने अडवता येईल, ही आशा मात्र त्या प्रयोगाने काढून घेतली.